मोत्याचे पथ्यपाणी

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

‘कुत्र्याला तूप पचत नाही’ अशी एक म्हण आपल्याकडे सर्रास वापरली जाते. एखाद्याला बरे दिवस आले आणि ते त्याला झेपले नाहीत, की लोक ही म्हण त्याच्या तोंडावर फेकतात. म्हण माणसाविषयी आहे, कुत्र्याविषयी नाही, हे खरे. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरी एका कुत्र्याच्या पोटाचा प्रश्न असा काही उभा राहिला, की या म्हणीत खरे किती आणि खोटे किती हे मला मुळापासून पाहावे लागले. त्याची ही हकीकत आहे. मी शास्त्र शाखेची विद्यार्थिनी नाही. पशुवैद्यकाची तर नाहीच. डॉक्टरांना विचारून, ग्रंथालयात वाचून आणि घरी करून पाहून जे समजले तेवढेच येथे मांडते. जाणकारांनी चूकभूल पदरात घ्यावी.

आमचे घर सोलापूर-बार्शी रस्त्यावर नान्नजच्या पलीकडे, माळाच्या कडेला आहे. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील आणि चुलते मेंढरे राखतात. नान्नजचा माळ पुष्कळांना माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यामुळे ठाऊक असतो. आम्हांला तो लांडग्यांमुळे ठाऊक आहे. रात्री वाघरीत मेंढरे असतात आणि बाहेर कुत्रा असतो. कुत्रा धड असेल तर आमची झोप धड. मोत्या हा असा आमचा राखणदार. त्याची आई करवानी वळणाची, उंच व सडपातळ. बाप कोण ते देवास ठाऊक. वय चार वर्षे.

या मोत्याला दीड वर्षापासून पोटाचा विकार जडला होता. आठ दिवस बरे जायचे, की पुन्हा पातळ जुलाब. कधी सकाळी पिवळे पाणी ओकायचा, कधी दिवसभर गवत खात बसायचा. बरगड्या मोजता येऊ लागल्या. धान्याच्या काट्यावर त्याला उचलून वजन केले तेव्हा सोळा किलो भरले. पूर्वी तो वीसच्या आसपास असे. रात्री भुंकायला उठणेही त्याने सोडले. एका पहाटे लांडग्याने एक कोकरू नेले आणि मोत्या जागचा हलला नाही. त्या दिवशी वडील म्हणाले, “याला आता बाजाराच्या गावी सोडून येऊ. दुसरं पिल्लू आणू.” ते रागाने बोलले नाहीत, हिशेबाने बोलले, म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटली. मी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

आता उपाय केले नव्हते असे नाही. हिंग पाजला, हळद चारली, कडुनिंबाचा रस दिला. भावाने औषधांच्या दुकानातून माणसांच्या जुलाबावरच्या गोळ्या आणल्या. गोळ्या चालू असेतोवर जुलाब थांबत. बंद केल्या की आठवड्याच्या आत पुन्हा सुरू. असे चार वेळा झाले. जे औषध चार वेळा लागू पडते आणि चारही वेळा आजार परत येतो, ते औषध आजाराच्या मुळाला लागतच नाही, एवढा साधा विचार आम्ही केला नव्हता.

पाव्हलॉव्हचा कुत्रा

याच सुमारास मानसशास्त्राच्या तासाला इव्हान पाव्हलॉव्ह शिकवला जात होता. अन्न येण्याआधी ठरावीक खूण झाली, की पुढे नुसत्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हा अभिसंधानाचा प्रयोग आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केला आहे. ग्रंथालयात चाळताना मला एक नवीच गोष्ट कळली. पाव्हलॉव्हला १९०४ साली जे नोबेल पारितोषिक मिळाले ते या प्रयोगासाठी नव्हे, तर पचनक्रियेच्या अभ्यासासाठी! कुत्र्याच्या जठराचा एक लहान कप्पा वेगळा करून, त्यातला पाचकरस बाहेर घेऊन, तो मोजण्याची युक्ती त्याने बसवली होती. त्याला असे दिसले, की मांस, पाव आणि दूध या तिन्ही पदार्थांना जठर वेगवेगळ्या मापाने आणि वेगवेगळ्या वेळी रस सोडते. म्हणजे समोर काय येणार आहे त्याप्रमाणे पोट आपली तयारी करते. लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, त्याच्या संस्थेच्या आवारात १९३५ साली कुत्र्याचे एक स्मारकही उभारले गेले.

वाचता वाचता मनात आले, की माणसाला पचनाचे ज्ञान कुत्र्याच्या पोटातून मिळाले आणि आमच्या दारातल्या कुत्र्याच्या पोटाची आम्हांला काहीच माहिती नाही! रोज तेच, त्याच वेळी मिळाले तर पोटाला तयारी करता येते. आमच्या मोत्याच्या पोटाने कशाची तयारी करावी?

पाच हातांचे वाढणे

दुसऱ्या दिवशी मोत्याची विष्ठा स्वच्छ डबीत घालून मी जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरसाहेबांनी सर्व ऐकून घेतले व म्हणाले, “तीन आठवड्यांहून जास्त चाललेला पोटाचा विकार हा जुनाट विकार. त्याला घाईचं औषध नाही. आधी जंत पाहू, मग अन्न पाहू, मग बाकीचं.” सूक्ष्मदर्शकाखाली अंकुशकृमीची अंडी दिसली. हे कृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतात. मोत्याच्या हिरड्या पांढुरक्या का दिसत होत्या त्याचा उलगडा झाला. जंताचे औषध वजनाप्रमाणे दिले व तीन आठवड्यांनी पुन्हा दिले.

येथे एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. अंकुशकृमीची पिल्ले ओलसर मातीत असतात आणि अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या कातडीतही शिरतात. कुत्र्याची विष्ठा उचलून पुरणे हा निव्वळ सोवळेपणा नव्हे. तसेच मेंढरू कापल्यावर त्याचे कच्चे काळीज-फुफ्फुस कुत्र्यापुढे टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यात पाण्याच्या फोडासारख्या गाठी असतात, त्यांतून कुत्र्याच्या पोटात एक बारीक पट्टकृमी तयार होतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या यकृतात तशाच गाठी वाढतात. मेंढपाळांच्या घरी तर हे कटाक्षाने टाळले पाहिजे.

जंत गेले, हिरड्यांना थोडा रंग आला. परंतु जुलाब पूर्ण थांबले नाहीत. तेव्हा डॉक्टरसाहेबांनी मला एक वही घालायला सांगितली. मोत्या दिवसभरात काय काय खातो ते सात दिवस लिहायचे, मनाने काही वगळायचे नाही. मी लिहू लागले आणि वही पाहून माझी मीच थक्क झाले.

पहाटे आई धार काढून झाल्यावर वाटीभर दूध देई. सकाळी चहाच्या वेळी धाकटा भाऊ बिस्किटे टाकी. दुपारी आजी शिळी भाकरी आमटीत कुस्करून घाली. आमची आमटी म्हणजे सोलापुरी; तिच्यात कांदा, लसूण, चिंच, काळे तिखट सगळे आले. रविवारी थोरला भाऊ कोंबडीच्या दुकानातून कातडी, चरबी आणि आतडी पिशवीभर आणी. रात्री वडील जेवताना आपल्या ताटातला घास टाकत. शिवाय द्राक्षांच्या हंगामात मोत्या शेजारच्या बागेत पडलेली द्राक्षे खात असे, हे वेगळेच. पाच माणसे, पाच हात. आणि प्रत्येकाची समजूत अशी, की आपणच काय ते या मुक्या जनावराला घालतो! कोणाचीही माया खोटी नव्हती. परंतु एका पोटाला रोज पाच घरचे जेवण पडत होते.

पोटात काय चालते

पुढे सांगायच्या उपायाचे कारण समजावे म्हणून थोडे शास्त्र पाहू.

कुत्रा हा लांडग्याचा वंशज. पण तो माणसाच्या उकिरड्याशी आला आणि त्याचे पोट बदलले. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील एरिक अ‍ॅक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली एक संशोधन प्रसिद्ध केले. पिष्टमय पदार्थ पचवणारा रस स्वादुपिंडात तयार करण्यासाठी जे जनुक लागते, त्याच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत आढळल्या. याचा आपल्या भाषेत अर्थ असा, की आमच्या माळावरच्या लांडग्याला भाकरी पचवणे जड, आणि वाघरीबाहेरच्या मोत्याला ती पचवता येते. ‘कुत्र्याला फक्त मांसच घालावे’ हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही. मात्र माणसाच्या लाळेतच पिठाचे पचन सुरू होते, तसे कुत्र्याच्या लाळेत होत नाही. म्हणून त्याला घालायची भाकरी, भात चांगला शिजलेला, मऊ असावा लागतो.

दुधाची गोष्ट निराळी. पिल्लू आईचे दूध पिते तोपर्यंत दुधातली साखर पचवणारा रस त्याच्या आतड्यात भरपूर असतो. दूध तुटल्यावर तो कमी होतो. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, पाणी ओढते, आंबते आणि जुलाब होतात. सर्वच कुत्र्यांना असे होत नाही, पण पुष्कळांना होते. दही-ताकात ही साखर काही अंशी जिवाणूंनी आधीच खाल्लेली असते, म्हणून ते तुलनेने सोसते.

आता जिवाणूंचा विषय निघाला आहे तर तोही पाहू. मोठ्या आतड्यात अगणित सूक्ष्मजीव राहतात. अन्नातला जो तंतुमय भाग कुत्र्याला पचत नाही, तो हे जीव आंबवतात. त्यातून जी आम्ले तयार होतात त्यांतील ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे अन्नच होय. आणखी एक जिवाणू, ज्याला क्लॉस्ट्रिडियम हिरानोनिस म्हणत आले आहेत, तो पित्तातील आम्लांचे रूपांतर करून आतड्यातील उपद्रवी जिवाणूंना आवर घालतो. मेट्रोनिडॅझोलसारखी प्रतिजैविके वारंवार दिली, की उपद्रवी जंतूंबरोबर हा उपकारी जिवाणूही मारला जातो, आणि काही कुत्र्यांत तो पुन्हा नीट वस्तीला यायला कित्येक आठवडे लागतात. गोळी थांबली की आजार परत का येत होता, याचे निदान काही उत्तर मला येथे सापडले. म्हणूनच जुनाट जुलाबात आधी आहार बदलून पाहावा आणि प्रतिजैविकाकडे शेवटी वळावे, असे आजचे पशुवैद्यक सांगते. अशा कुत्र्यांपैकी निम्म्याहून अधिक केवळ आहाराने सुधारतात, असे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे. आंबवलेल्या दुधातील जिवाणू पोटाला हितकर असतात हा विचार रशियन शास्त्रज्ञ मेच्निकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच मांडला होता. त्यांना १९०८ साली, जरी दुसऱ्या संशोधनासाठी असले तरी, नोबेल मिळाले. आमच्या घरी ताकाचे मडके त्याच्याही आधीपासून आहे!

एक हात, एक अन्न

डॉक्टरसाहेबांचा उपाय ऐकायला सोपा होता. एकच पिष्ट आणि एकच प्रथिन, तेही मोत्याने पूर्वी कधी न खाल्लेले, एवढेच काही आठवडे द्यायचे. दुसरे काही तोंडात जाऊ द्यायचे नाही. प्रथिनासाठी त्यांनी दोन नावे सुचवली: उजनी धरणातली चिलापी मासळी, नाहीतर उकडलेली अंडी. मासळी रोज आणणे आणि टिकवणे आम्हांला जमण्यासारखे नव्हते. अंडे मोत्याने कधी खाल्ले नव्हते. तेव्हा अंडी ठरली.

प्रमाण असे होते: दिवसाला पाव किलो तांदूळ अगदी मऊ शिजवून, त्यात चार उकडलेली अंडी कुस्करून, त्याचे चार भाग करून चार वेळा. तेल नाही, मीठ नाही, तिखट नाही. दोन चमचे उकडलेला लाल भोपळा, त्याच्या मऊ तंतूंसाठी. आणि रोज एका अंड्याच्या धुऊन वाळवलेल्या कवचाची बारीक पूड. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते आणि नुसत्या भात-अंड्यात ते फार कमी पडते. आतड्याच्या जुन्या विकारात ब-१२ जीवनसत्त्व अंगी लागत नाही म्हणून त्याची इंजेक्शनेही दिली. हे प्रमाण सोळा किलोच्या, खंगलेल्या आणि राखणीच्या कुत्र्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेले आहे. दुसऱ्या कुत्र्याला ते जसेच्या तसे लावू नये.

कठीण होते ते पुढेच. माझी आजी माळकरी. पंढरीची वारी तिने वर्षानुवर्षे केली आहे. घरात अंडे शिजणे तिला चालणार नव्हते. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिच्या हातची आमटी-भाकरी बंद करायची होती. मी कांदा-लसणाचे सांगितले: हे दोन्ही कच्चे असोत की शिजलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात. आजीने ऐकले आणि म्हणाली, “आगं, नामदेवराय कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन पळाले, आन् तू माझ्या हातची आमटी बंद करतीस व्हय? चार बुकं शिकलीस म्हणून आता मुक्या जिवाला बी उपाशी मारणार?”

मला उत्तर सुचले नाही. नामदेवांची ती कथा पंढरपूरच्या मुलुखात कोणाला ठाऊक नाही? कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा नामदेव वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. कोरडी खाऊ नका, तूप तर लावू द्या, असे म्हणत. देवळाच्या पायरीशी ज्यांनी आपली जागा मागून घेतली, त्यांना कुत्र्यातही विठ्ठल दिसला. आजी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. शिकल्यामुळे आपण आपल्याच माणसांपासून दूर तर जात नाही ना, ही भीती माझ्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच शिकायला बाहेर पडलेल्या पुष्कळांना वाटत असेल. त्या दोन दिवसांत मला ती फार वाटली.

तिसऱ्या दिवशी मी तिला म्हणाले, “आज्जी, नामदेवांनी कुत्र्याला जे हवं होतं ते दिलं. आपल्या मोत्याला काय हवं ते आपण विचारून तरी पाहू. पंधरा दिवस दे. नाही गुण आला तर तुझी आमटी चालू.” ती काही बोलली नाही. संध्याकाळी पाहते तो अंगणाच्या कडेला तिने तीन दगडांची चूल मांडून ठेवली होती आणि एक जुने पातेले वेगळे काढले होते. अंडी त्या चुलीवर उकडायची, घरात आणायची नाहीत, एवढीच तिची अट. वाढायचा हात एकच ठरला, माझा. मी कॉलेजात असताना आईचा.

वहीने दिलेली उत्तरे

पहिले तीन दिवस जुन्या अन्नात नवे मिसळत नेले. एकदम बदल केला तर सूक्ष्मजीवांची घडी विस्कटते. चांगल्या प्रकृतीच्या कुत्र्यालाही नवे अन्न आठवडाभरात, रोज थोडे थोडे वाढवत द्यावे. सहाव्या दिवशी विष्ठा घट्ट झाली. नवव्या दिवशी पुन्हा पातळ. चौकशी केली तर धाकट्याने दया येऊन बिस्किटे टाकली होती. त्याला मी रागावले नाही, वही दाखवली. तो तेव्हापासून स्वतःच वहीत लिहू लागला. चौदाव्या दिवसापासून पोट स्थिर राहिले. सहा आठवड्यांनी वजन अठरा किलो भरले.

मग उलट तपासणी सुरू झाली. एका वेळी एकच पदार्थ परत द्यायचा आणि आठवडाभर पाहायचे. प्रथम ज्वारीची भाकरी, ताजी, पाण्यात मऊ केलेली, बिनतिखटाची. काही त्रास नाही. आजीचा चेहरा उजळला. मग दूध. दुसऱ्याच दिवशी जुलाब. बंद केल्यावर तीन दिवसांत बरे. मग पातळ ताक, अर्धी वाटी. सोसले. मग कोंबडीचे उकडलेले, कातडी काढलेले मांस. तेही सोसले. शेवटी दुकानातल्या कातडी-चरबीचा लहानसा तुकडा उकडून दिला. दुसऱ्या सकाळी पिवळी ओकारी आणि संध्याकाळी पातळ. म्हणजे गुन्हा कोंबडीचा नव्हता, चरबीचा होता.

येथे सुरुवातीच्या म्हणीकडे परत येऊ. कुत्र्याला तूप पचत नाही काय? डॉक्टरसाहेबांनी सांगितले, की धड प्रकृतीचा, सवय असलेला कुत्रा स्निग्ध पदार्थ उत्तम पचवतो. बर्फाळ मुलुखात गाडी ओढणारी कुत्री त्यावरच जगतात. परंतु ज्याला सवय नाही त्याला एकदम तूप-चरबी मिळाली, किंवा आतडे आधीच सुजलेले असले, तर ती सोसत नाही. कधी स्वादुपिंडाला सूज येऊन जिवावरही बेतते. म्हणजे म्हण सगळ्या कुत्र्यांना लागू नाही, पण आमच्या मोत्याला लागू आहे. हे मला ना म्हणीने सांगितले असते, ना ग्रंथाने. ते मोत्याच्याच पोटाला, एकेक पदार्थ घालून, विचारावे लागले. माझ्या मते या सर्व खटाटोपाचे सार एवढेच: जुनाट पोटदुखीत आपण औषध शोधत धावतो, आणि रोज काय वाढतो ते मोजत नाही.

काही सावधगिरीच्या गोष्टी

ज्यांच्या दारी कुत्रा आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी मुद्दाम लिहिते.

द्राक्षे व बेदाणे कुत्र्याला विषासमान आहेत. त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. नान्नज म्हणजे ‘सोनाका’ द्राक्षाचे जन्मगाव, आणि पंढरपूरकडे बेदाण्याची शेडे. म्हणून आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट जास्त लागू. द्राक्षातले टार्टारिक आम्ल याला कारण असावे, असे संशोधकांनी २०२१ साली मांडले. हेच आम्ल चिंचेत भरपूर असते. तेव्हा चिंचेची आमटीही दूरच ठेवावी. चॉकलेटही विषारीच.

शिजवलेली हाडे फुटून टोकदार होतात आणि आतड्यात अडकतात. ती घालू नयेत.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला कधीही देऊ नयेत. त्यांनी जठराला व्रण पडतात, यकृत व मूत्रपिंडे बिघडतात.

काळी डांबरासारखी किंवा रक्ताची विष्ठा, न थांबणारी ओकारी, फुगलेले पोट, झपाट्याने उतरणारे वजन, पिवळे डोळे, आणि लहान पिल्लाचे जुलाब यांत पथ्याचे प्रयोग करत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कुत्रा अधाशासारखा खातो, तरी वाळत जातो, आणि विष्ठा मोठी, फिकट, तेलकट होते, असे असेल तर स्वादुपिंडाचा रस कमी पडत असण्याचा संभव असतो; त्याला पाचक भुकटी आयुष्यभर लागते. आणि काही कुत्री आहाराने बरी होतही नाहीत, त्यांना पुढच्या तपासण्या लागतात. मोत्या सुदैवी म्हणायचा.

भात-अंडे हे तपासणीचे अन्न झाले, जन्माचे नव्हे. त्यात जस्त, तांबे व काही जीवनसत्त्वे अपुरी पडतात. आता मोत्याला ज्वारीची मऊ भाकरी, शिजवलेली डाळ, अंडे किंवा बिनचरबीचे मांस, भोपळा आणि थोडे ताक असे दिवसातून दोन वेळा, ठरल्या वेळी मिळते. वर डॉक्टरांनी दिलेली क्षारांची भुकटी. दर तीन महिन्यांनी जंताचे औषध.

दिवाळीला मोत्या साडेएकोणीस किलोचा होता. पाडव्याच्या पहाटे तो भुंकला, तेव्हा वडील उठून बाहेर गेले, माळाकडे बॅटरी मारून आले, आणि पुन्हा झोपताना एवढेच म्हणाले, “राहू दे मग.” मुदतीचा निकाल मला त्या तीन शब्दांत मिळाला.

अंगणातली तीन दगडांची चूल अजून आहे. आजी अंड्याला हात लावत नाही. परंतु भाकरी मऊ करून, आमटीचा थेंबही न पडू देता, मोत्याच्या थाळीत घालण्याचे काम तिने माझ्याकडून परत घेतले आहे. वाढायचा हात एकच असावा हा नियम तीच आता सर्वांना ऐकवते. वहीत मात्र अजून मीच लिहिते, कारण तिला अक्षर येत नाही. ती सांगते आणि मी लिहून घेते.